हरल्यानंतरची फेरी

आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आलेले तैवानी गृहस्थ जिना झाडायला लागले आणि बिल्डिंगमध्ये कुरबुर सुरू झाली.

स्टुटगार्टच्या आसपास जिना झाडायची पाळी असते, तिला केअरवोख म्हणतात. आठवडाभर एका दारावर पाटी लटकते. ज्याच्या दारावर पाटी, त्याने जिना, तळघर आणि फाटकापर्यंतची फरशी लख्ख ठेवायची. पाळी चुकवणं वाईटच, पण दुसऱ्याच्या पाळीत आपण झाडणं त्याहून वाईट. तुम्हाला नीट झाडता येत नाही, असा त्याचा अर्थ होतो. या गृहस्थांनी सगळ्यांच्याच पाळ्या अंगावर घेतल्या. सकाळी झाडायचे, दुपारी पुन्हा झाडायचे, आणि मध्ये कोणी सामान घेऊन वर चढताना दिसलं की झाडू भिंतीला टेकवून त्याच्या हातातल्या पिशव्या काढून घ्यायचे. शेवटी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी या गृहस्थांच्या मुलीकडे रीतसर तक्रार केली.

त्यांची मुलगी माझी मैत्रीण. सेन्सर बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर, आजवर एकटी राहिलेली, माझ्यासारखीच फटकळ. तक्रार ऐकून ती वर आमच्याकडे आली आणि सोफ्यावर पाय घेऊन बसली.

"त्यांना स्वस्थ बसताच येत नाही," ती जर्मनमधून म्हणाली. "सगळं आयुष्य पक्षात गेलं. शेवटी गेनेरालसेक्रेटेर होते. पक्ष निवडणूक हरला, यांनी राजीनामा दिला, आणि मी त्यांना इकडे घेऊन आले. आल्झो, म्हणजे आता माझा जिना हाच त्यांचा मतदारसंघ."

माझा नवरा नुकताच गेर्लिंगेनच्या ऑफिसातून येऊन बूट काढत होता. त्याच्या कानावर अर्धंच पडलं. ती गेल्यावर मला म्हणाला, "अगं, सोसायटीचा सेक्रेटरी असाच असतो. आमच्या कोथरूडचे आठव. पाण्याच्या टाकीवर स्वतः चढायचे."

"सोसायटीचे नाहीत रे. अख्ख्या पक्षाचे सरचिटणीस होते."

"म्हणजे मोठी सोसायटी," तो म्हणाला, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव सेक्रेटरीकाका पडलं.

मला मात्र पक्ष हा शब्द ऐकला तरी तिडीक यायची. माझे वडील बार्शीत एका पक्षाचे शहर चिटणीस होते. चिटणीस म्हणजे सतरंज्या उचलणारे. सभेच्या आधी सतरंज्या घालायच्या, सभेनंतर झटकून घड्या करायच्या, मधल्या वेळात नेत्याच्या गाडीचा दरवाजा धरायचा. आमच्या दारात कायम परक्या चपलांचा ढीग आणि आई कायम चहाच्या पातेल्याजवळ. दर निवडणुकीला नगरपालिकेच्या तिकिटासाठी वडिलांचं नाव चर्चेत असायचं. एका वर्षी जिल्ह्याचे नेते आमच्याकडे जेवले आणि हात धुताना म्हणाले, या खेपेला तुम्हीच. यादी आली तेव्हा तिकीट एका ठेकेदाराच्या पुतण्याला. वडिलांच्या तोंडाला पानं पुसली गेली. ते नेते त्यानंतर आमच्या घराची पायरी चढले नाहीत. वडील चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत. पुढची कित्येक वर्षं कोणी बार्शीत येऊन गेल्याचं कळलं की विचारायचे, "ते आले नाहीत का इकडे?" मी कम्प्युटर शिकून पुण्याला पळाले आणि तिथून जर्मनीला, आणि या प्रश्नापासून जितकं लांब जाता येईल तितकी गेले.

तरी निवडणुकीला मी उभी राहिलेच.

त्याला कारण पासपोर्ट. आदल्या वर्षी मी जर्मन नागरिकत्व घेतलं होतं. म्युनिकच्या भारतीय कॉन्सुलेटने माझा जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत दिला. त्या दिवसापासून माझा पाय कुठे ठरेना. बेकरीत गेले तरी वाटायचं, आता कोणीतरी विचारणार, तुम्ही मूळच्या कुठल्या. विचारायचेही. मी इतकी वर्षं पुणे म्हणून सांगत होते. आता पुणे म्हणताना खोटं बोलल्यासारखं वाटायचं आणि इथलं नाव घेतलं तर समोरचा हसून विचारायचा, नाही, पण खरं कुठल्या? आमच्या गावच्या गेमाइंडेराट, म्हणजे नगरपरिषदेच्या निवडणुकीत एका स्थानिक गटाला यादीच्या तळाशी भरायला बायका हव्या होत्या. त्यांनी मला विचारलं आणि मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. गावाच्या मतपत्रिकेवर माझं नाव छापून यावं, एवढंच मला हवं होतं. पण ते मला फार हवं होतं.

"गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसली होतीस," नवरा म्हणाला. मला राग आला, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दारात सेक्रेटरीकाका उभे. हातात सुपरमार्केटची पिशवी, पिशवीत फ्रीजरमधल्या लसणाची पाकिटं. जर्मन लोक लसूणसुद्धा बारीक चिरून गोठवून विकतात. मी आभार मानून पाकिटं फ्रीजरमध्ये टाकली. म्हटलं, आमच्या स्वयंपाकाचा वास खाली जात असेल, त्यावरून आणलं असेल. ते दारातच थांबले. मी उभी राहिल्याचं त्यांना मुलीकडून कळलं होतं. मग फोनवर काहीतरी टाइप करून माझ्यासमोर धरलं. त्यांच्या बोलीत 'निवडून आला' या शब्दाचा उच्चार चिनी भाषेतल्या 'गोठवलेला लसूण' सारखा होतो. तिकडे सभेत लोक उमेदवाराचं नाव घेतात आणि मागून हजारो माणसं ओरडतात, गोठवलेला लसूण, गोठवलेला लसूण. काकांनी जिन्यात उभं राहून, आवाज अगदी खाली ठेवून, मूठ वर करून मला ते ओरडून दाखवलं. वरच्या बाईंचं दार उघडलं आणि लगेच बंद झालं.

अशी त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. त्यांची मुलगी रविवारी सायकल घेऊन दिवसभर बाहेर जायची, तेव्हा ते आमच्याकडे जेवायला यायचे. एरवी संध्याकाळी मी आणि ते गावातून चालायचो. त्यांचं इंग्रजी तुटपुंजं पण थेट होतं, माझं बरं पण घाईचं, आणि अडलं की दोघांत एक फोन. चालताना ते मान हलवत प्रत्येक दाराकडे बघायचे. बागेतल्या म्हाताऱ्यांना, कुत्रा फिरवणाऱ्यांना, बसस्टॉपवरच्या पोरींना, सगळ्यांना किंचित वाकून नमस्कार. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. इथे अनोळखी माणसाला कोणी वाकून नमस्कार करत नाही, मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून लक्षात राहील."

त्यांची कारकीर्द मला अशी रस्त्याने चालताना कळत गेली. त्यांचे वडील बंदराजवळच्या एका गावात मासे विकायचे. पक्षाच्या सभा देवळासमोरच्या पटांगणात व्हायच्या आणि विशीतल्या काकांचं पहिलं काम लाल प्लास्टिकची स्टुलं मांडायचं. सोबत त्यांचा एक मित्र होता. एकावर एक रचलेल्या स्टुलांचा मनोरा दोन्ही हातांत धरून दोघं पैज लावून पळायचे.

"आमच्याकडे सतरंज्या," मी म्हटलं, आणि वडिलांचं थोडं सांगितलं. सतरंजी काय असते ते हातांनी दाखवलं.

"स्टूल बरं," ते विचार करून म्हणाले. "झटकावं लागत नाही."

स्टुलांनंतर कर्णे लावलेली गाडी चालवायचं काम आलं, मग गावच्या कार्यालयाची किल्ली, मग जिल्ह्याची संघटना, मग राजधानीतलं मुख्यालय. मित्र गावातच राहिला. मुख्यालयात काकांकडे भांडणं मिटवायचं काम होतं आणि तिकीट कोणाला द्यायचं ते ठरवायचं. आणि लग्नं आणि मयतं. तिकडे पक्षाच्या माणसाने मतदाराच्या घरच्या लग्नाला जायचं असतं, आणि मयताला तर जायचंच असतं, ओळख असो नसो. त्यांच्या गाडीत कायम दोन टाय असायचे, लाल आणि काळा. एकदा घाईत ते काळा टाय लावून लग्नात शिरले, तर नवरीच्या आजीने सगळ्यांदेखत तो गळ्यातून ओढून काढला. हे सांगताना ते इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं.

"तुम्ही स्वतः कधी उभे का नाही राहिलात?" मी विचारलं.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "लोकांना बसवता येतं."

रविवारी मात्र ते वेगळे असायचे. जेवणाच्या सुमाराला त्यांचा फोन वाजायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. ते नाव बघायचे, फोन टेबलावर पालथा घालायचे आणि वाजायचा थांबेपर्यंत भाताकडे बघत राहायचे. मग उठून खिडकीशी जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. पहिल्या दोन-तीन वेळा मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून एका रविवारी विचारलंच.

तो फोन त्या मित्राचा होता. शेवटच्या निवडणुकीत त्या गावचं तिकीट मित्राला मिळायचं होतं. तोंडी तसं ठरलंही होतं. वरून दबाव आला, आणि काकांनी एका बड्या बिल्डरच्या मुलाला तिकीट दिलं. मित्राने एक शब्द न बोलता त्या मुलासाठी स्टुलं मांडली. मुलगा पडला, पक्षही ठिकठिकाणी पडला. काकांनी कॅमेऱ्यांसमोर कमरेत वाकून माफी मागितली आणि राजीनामा दिला.

"तिकडे हरल्यावर एक फेरी असते," ते म्हणाले. "जिंकलेला जातो, हरलेलाही जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच गाडीवर उभं राहून, त्याच गल्ल्यांतून. आभार मानायचे. वाकायचं. दमलेलं असलं तरी, रडू येत असलं तरी. मी सगळ्यांना पाठवलं त्या फेरीला. गावातले कार्यकर्ते मला म्हणाले, तुम्ही गावच्या कार्यालयात या, मुलं थांबलीत, जेवणाचे डबे मागवलेत." त्यांनी फोन सरळ केला, पुन्हा पालथा घातला. "मी विमानात बसलो."

वडिलांचा प्रश्न इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, माझ्याच स्वयंपाकघरात येऊन बसला होता, आणि माझ्या समोर जेवत होता तो न आलेला माणूस. मला काकांचा संताप आला. आणि ते मला आवडायलाही लागले होते, त्यामुळे आणखीच संताप आला. मी जोरजोरात भांडी घासली.

प्रचाराचं म्हणाल तर त्यांनी मला कागदी रुमालांची पाकिटं छापून घ्यायला लावली. तिकडे उमेदवार तीच वाटतात. पत्रक लोक फेकतात, रुमाल खिशात ठेवतात. पाकिटावर माझा हसरा फोटो, गटाचं नाव आणि खाली मत देण्याची विनंती. आमची शाळेत जाणारी मुलगी ते बघून जर्मनमध्ये एवढंच म्हणाली, "पाइनलिख," म्हणजे लाजिरवाणं, आणि खोलीत निघून गेली. नवऱ्याने दोन पाकिटं गाडीत ठेवली, सर्दीसाठी. बाकीची मी पर्समध्ये कोंबून हिंडायची.

आणि मग ते मयत.

इथे स्मशानभूमीच्या फाटकाशी काचेच्या आतल्या फळ्यावर आठवड्यातल्या अंत्यविधींचे कागद लावतात. काका चालता चालता रोज तिथे थांबायचे आणि फोनने ते कागद वाचायचे. एक दिवस म्हणाले, "उद्या एक आहे. आपल्या भागातला माणूस. जायचं." मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला ते विचित्र वाटलंच नाही. बार्शीत वडील कोणाच्याही मयताला जायचे. गल्लीत माणूस गेला की माणसाने जायचं, यात विचारायचं काय? इतकी वर्षं इथे राहून मला केअरवोख कळली होती, पण इथे मयताला बोलावल्याशिवाय जात नाहीत, ही साधी गोष्ट त्या वेळी डोक्यातही आली नाही.

चॅपलमध्ये माणसं अगदी थोडी होती. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. कबरीशी सगळे ओळीने जाऊन मूठभर माती टाकत होते आणि पुढे होऊन बायकोच्या हातात हात देत होते. काका गेले, काळ्या टायवर हात ठेवून कबरीसमोर तीनदा वाकले, पार कमरेत. सगळे बघत राहिले. मग मी. ती बाई उंच, हाडकुळी, राखाडी केसांची. तिने माझा हात धरला आणि विचारलं, "माझ्या नवऱ्याला तुम्ही कशा ओळखत होतात?"

माझ्या तोंडून निघालं, "आम्ही इथलेच आहोत."

मी हे वाक्य कधीच बोलले नव्हते. बेकरीत नाही, ऑफिसात नाही, त्या शिक्का मारलेल्या पासपोर्टनंतर तर नाहीच. तिने मान हलवली, आणि तिचे डोळे भरून आले. ती बॅगेत काहीतरी चाचपडायला लागली. मी पर्समध्ये हात घातला, पाकीट काढलं आणि तिच्या हातात दिलं.

तिने रुमाल काढायला पाकीट उलटं केलं आणि माझा हसरा चेहरा तिच्याकडे बघत राहिला. खाली ठळक अक्षरांत मत देण्याची विनंती. तिने ते वाचलं, नाक पुसलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या माणसाच्या हातात हात दिला.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. रस्त्यात दोन बायका बोलताना दिसल्या तरी वाटायचं, तेच बोलत असणार. ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा बंद ठेवायची. गटाच्या प्रमुखाला फोन करून नाव मागे घेते म्हटलं, तर तो म्हणाला मतपत्रिका छापल्या, इथल्या पद्धतीप्रमाणे टपालाने घरोघरी पोचल्यासुद्धा. नवऱ्याला सांगितलं तर तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. "अगं, तुझ्या मनात तसं काही नव्हतं ना?" तो म्हणाला. नव्हतं. पण नव्हतं हे त्या बाईला कोण सांगणार? ज्या गावचं व्हायचं होतं त्याच गावात तोंड दाखवायची चोरी झाली होती, आणि ती मीच माझ्या हाताने करून घेतली होती.

मी हरले. यादीच्या तळाशी होते, तळाशीच राहिले, जेमतेम एका नावाला मागे टाकून. रविवारी मतदान झालं, मोजणी पुढे एक-दोन दिवस चालली. निकाल कळला तेव्हा काका एकटेच खरे खूश झाले. मला वाटलं त्यांना आकडा नीट कळला नाही.

"रविवारी सकाळी फेरी," ते म्हणाले. "मुख्य रस्ता, बेकरी, चौक. आणि सगळ्यात आधी त्या बाई."

"त्या बाईंकडे मी जाणार नाही."

"ज्या दाराची भीती वाटते, ते आधी."

माझं डोकं फिरलं. "आणि तुमचं काय? तुमचं दार दर रविवारी वाजतं. तुम्ही ते पालथं घालता. मला शिकवू नका." मला थांबता आलं नाही. "माझे वडील त्या नेत्याची वाट बघत राहिले. भांडायला नाही, काका. ते भांडले नसते. चहा टाक, म्हणून आईला सांगितलं असतं. एवढंच करायचं होतं त्यांना. तेवढंही त्या माणसाने करू दिलं नाही."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली, हे मी सांगितलं नाही. त्यांना ते कळलं असावं. ते खाली गेले. संध्याकाळपर्यंत जिन्यात झाडूचा आवाज येत होता, एकच पायरी पुन्हा पुन्हा झाडल्यासारखा.

रविवारी सकाळी ते दारात उभे होते, लाल टाय लावून. मी जाणार नव्हते, पण त्यांचा चेहरा बघून चप्पल घातली. आम्ही चौकात गेलो, बेकरीपाशी गेलो. ते मला एक शब्द शिकवत होते, त्यांच्या बोलीतला आभाराचा. तो-स्या. मी जर्मनमध्ये दांके म्हणायची, ते वाकून तो-स्या म्हणायचे. काही जण हसले, एका म्हाताऱ्याने टोपी काढली, बऱ्याच जणांनी निवडणूक होऊन गेली हे माहीतच नसल्यासारखं पाहिलं. मग आम्ही, मी शेवटी ठेवलेल्या, त्या बाईंच्या गल्लीत वळलो. मी बेल वाजवली, तेव्हा मनातून वाटत होतं, घरी नसाव्यात.

त्या घरी होत्या. आम्हाला बघून दार थोडं आणखी उघडलं.

"तुम्ही," त्या म्हणाल्या. "हरलात ना?"

"हो. मी आभार मानायला आले आहे. आणि त्या दिवशीची माफी मागायला. ते पाकीट मी मुद्दाम दिलं नव्हतं."

"आभार कशाचे? मी मत तुम्हाला दिलं नाही. एकाला देता येतात ती तिन्ही मतं पलीकडच्यांच्या मुलाला दिली." त्या दारातच विचार करत उभ्या राहिल्या. काका वाकले होते आणि अजून वाकलेलेच होते. "त्यांना सांगा, उठा म्हणावं, पाठ धरेल." मग मला म्हणाल्या, "रुमाल चांगले होते. संपले. आणखी आहेत का?"

"घरी खोकं भरून आहेत."

"गेनाऊ, बरोबर. मग आणा. एकटीने या, गर्दी नको. कॉफी करते. तुम्ही म्हणालात ना, इथलेच आहोत म्हणून." आणि त्यांनी दार लावलं.

परत येताना मी काकांना सगळं भाषांतर करून सांगितलं. ते आमच्याकडे जेवायचे होते म्हणून सरळ वर आले. नवरा आमच्या मुलीला पोहायला घेऊन गेला होता. मी फोडणीला तेल तापवलं आणि फ्रीजरमधला तो लसूण काढला; निवडून काही आले नव्हते, निदान आमटी तरी व्हावी.

फोन वाजला.

त्यांनी नाव पाहिलं. हात पालथा घालायच्या बेतात होता, तसाच थांबला. मी गॅस बारीक केला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मी बघितलं तर ते उचलणार नाहीत असं मला वाटलं. फोन वाजत राहिला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज, एकच शब्द, बहुधा मित्राचं नाव.

पलीकडून बराच वेळ कोणीतरी बोलत होतं. आवाज चढलेला नव्हता. मागे भांड्यांचे, बऱ्याच माणसांचे आवाज येत होते. मग मी वळलेच. काका माझ्या फ्रीजसमोर ताठ उभे होते. फोन कानाला लावून ते कमरेत वाकले, तसे ते कबरीसमोर वाकले होते. "तो-स्या," ते म्हणाले. पलीकडे फोन दुसऱ्या कोणाच्या हातात गेला असावा, कारण नवा आवाज आला, बाईचा. ते पुन्हा वाकले. "तो-स्या." मग आणखी एक आवाज, मग एक तरुण, हसणारा. फोन त्या गावच्या कार्यालयात हातोहात फिरत होता आणि प्रत्येक आवाजाला ते माझ्या स्वयंपाकघरात वाकत होते. शेवटी फोन पुन्हा मित्राकडे आला. मित्राने काहीतरी विचारलं. काकांनी फोनवर हात ठेवला आणि ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"विचारतोय, कधी येणार," ते म्हणाले. "चहा टाकायचा आहे म्हणतो."

मी गॅस बंद केला. तेल करपलं होतं.